जळगाव–पुणे हवाई अंतर व उड्डाणकाल

जळगाव आणि पुणे या विमानतळांमधील सरळ हवाई अंतर सुमारे 318 किमी, म्हणजे साधारण 172 सागरी मैल (1 सागरी मैल = 1.852 किमी) आहे. पृथ्वी गोलाकार असल्याने हे अंतर दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घेऊन बृहद्वृत्ताच्या (पृथ्वीचे दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळाच्या) कंसावर मोजतात. मात्र एवढ्या छोट्या टप्प्यात हा कंस नकाशावरील सरळ रेषेहून जवळजवळ वेगळा दिसत नाही. ही रेषा अजिंठ्याची डोंगररांग ओलांडून वैजापूरच्या पूर्वेस गोदावरीच्या खोऱ्यात उतरते आणि पारनेरच्या पश्चिमेकडून पुण्याच्या लोहगाव विमानतळावर पोहोचते. अजिंठा घाट, सिल्लोड व छत्रपती संभाजीनगर या रस्त्याने हाच प्रवास सुमारे 400 किमीचा होतो, तर मनमाड-दौंड लोहमार्गाने तो आणखी लांबतो.

जळगावचा विमानतळ शहरालगत कुसुंबा येथे आहे. नूतनीकरणानंतर 23 मार्च 2012 रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. छोटी शहरे विमानसेवेने जोडण्याच्या केंद्राच्या उडान योजनेखाली डिसेंबर 2017 मध्ये मुंबईसाठी सेवा सुरू झाली, तर 2024 मध्ये फ्लाय 91 कंपनीने एटीआर 72-600 विमानाने पुण्याची सेवा सुरू केली.

अंतराला वेगाने भागून उड्डाणकाल काढण्याची रीत सोपी असली, तरी ती प्रवाशाची दिशाभूल करते. एटीआर जातीच्या पंखा-विमानाचा समतल उड्डाणातील वेग ताशी सुमारे 500 किमी धरल्यास 318 किमीला 38 मिनिटे पुरतात. प्रत्यक्षात हा वेग मधल्या काही मिनिटांपुरताच मिळतो, कारण चढाई आणि उतरण या दोन्हींत विमान संथ असते. शिवाय वेळापत्रकातील काळ, ज्याला ब्लॉक टाइम म्हणतात, तो विमान जागेवरून हलल्यापासून मुक्कामाच्या जागी थांबेपर्यंतचा असतो. त्यामुळे या टप्प्यासाठी तासभर किंवा थोडा अधिक वेळ धरणे योग्य ठरते. लोहगावची धावपट्टी हवाई दलाच्या तळावर असल्याने तेथे उतरण्यासाठी कधी ताटकळावे लागू शकते, त्याचीही तरतूद यात करावी लागते.

वाऱ्याचा हिशेब जाता-येता वेगळा असतो. जळगावहून पुण्याकडे जाताना विमानाचे तोंड नैर्ऋत्येला असते, म्हणून पावसाळ्यातील नैर्ऋत्य व पश्चिमेचे वारे त्याला समोरून अडवतात आणि परतीच्या वाटेवर तेच पाठीशी राहतात. ताशी 50 किमीचा वारा थेट समोरून आला, तर जमिनीवरील वेग 450 किमीवर येऊन 38 मिनिटांची 42 होतात. तोच वारा पाठीमागून असल्यास 35 मिनिटे पुरतात. खानदेशच्या उन्हाळ्याचा परिणाम याहून गंभीर असतो. पारा 45 अंशांच्या घरात गेला की हवा विरळ होते, पंखांना पुरेशी उचल मिळण्यासाठी अधिक लांब धाव घ्यावी लागते आणि जळगावच्या सुमारे 1,700 मीटर धावपट्टीवर कधी विमानातील वजन कमी करण्याची वेळ येऊ शकते. अशा वेळी मिनिटांचा नव्हे, तर प्रवासी व सामानाचा प्रश्न उभा राहतो.

विमानतळापर्यंत पोहोचण्याचा वेळ कोणत्याही उड्डाणकालात धरलेला नसतो. भुसावळकराला कुसुंबा जवळ आहे, धुळेकराला मात्र आधी नव्वदेक किलोमीटर पूर्वेला यावे लागते. धुळ्याजवळच्या गोंदूर येथील धावपट्टीवरून नियमित प्रवासी सेवा नाही. नंदुरबारच्या प्रवाशाला तर सुरतचा विमानतळही जवळपास जळगावइतक्याच अंतरावर पडतो.