केंद्रकपटल प्रथिनाच्या प्रतिपिंडाची पडताळणी : एमेरिन

प्रतिपिंड म्हणजे ठरावीक प्रथिनाला ओळखून चिकटणारे प्रथिन; त्याला चमकणारा रंग जोडला की ते ठरावीक प्रथिन पेशीत कुठे आहे ते दिसते. विकत घेतलेले किंवा स्वतः बनवलेले प्रतिपिंड ज्या प्रथिनाच्या नावाने ओळखले जाते त्यालाच चिकटते का, भलत्या कशाला चिकटत नाही ना, आणि ज्या नमुन्यावर, ज्या पद्धतीने ते वापरायचे आहे तिथेही हे खरे ठरते का, याची प्रयोगांनी केलेली खातरजमा म्हणजे प्रतिपिंडाची पडताळणी. पेशीच्या केंद्रकाभोवतीच्या दुहेरी पटलात बसणाऱ्या प्रथिनांसाठी हे काम जास्त किचकट होते. पटल पातळ, प्रथिने मेदात रुतलेली, आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे चमकते वलय इतके देखणे की पाहणारा पुढचे प्रश्न विचारायचे विसरतो. या नोंदीत एमेरिन या प्रथिनाच्या आधारे ही प्रक्रिया सांगितली आहे. या प्रथिनाच्या प्रतिपिंडांची जशी कसोटी लागली तशी फार थोड्यांची लागली असेल.

एमेरिन

अॅलन एमेरी आणि फ्रिट्झ ड्रायफस यांनी १९६६ मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनियामधल्या एका कुटुंबातील स्नायुविकाराचे वर्णन केले. कोपर, मान आणि टाचेमागचा स्नायुबंध लहानपणीच आखडणे, दंड व पोटऱ्यांचे स्नायू हळूहळू क्षीण होणे आणि पुढे हृदयाच्या विद्युतवहनात अडथळा येणे ही त्याची लक्षणे. अनेकांना पेसमेकर बसवावा लागतो, आणि तो वेळेवर न बसल्यास अचानक मृत्यूचा धोका असतो. या एमेरी-ड्रायफस मस्क्युलर डिस्ट्रॉफीचे एक्स गुणसूत्रावरील जनुक १९९४ मध्ये इटलीतील संशोधकांनी शोधले. त्यापासून बनणाऱ्या प्रथिनाला एमेरीच्या नावावरून एमेरिन म्हणतात.

जनुकाचा क्रम कळला तरी प्रथिन पेशीत कुठे राहते ते कळत नाही. ते उत्तर प्रतिपिंडांनी दिले. १९९६ मध्ये जपानमधील आणि ब्रिटनमधील दोन गटांनी स्वतंत्रपणे बनवलेल्या प्रतिपिंडांनी एमेरिन केंद्रकपटलात असल्याचे दाखवले. रुग्णांच्या स्नायूत हे वलय दिसलेच नाही. पटलातील प्रथिनाच्या अभावी स्नायू आणि हृदय का बिघडावे, हा प्रश्न तेव्हापासून चर्चेत आहे.

एमेरिनमध्ये २५४ अमिनो आम्ले असतात. शेपटाजवळचा एकच पट्टा पटलात रुततो, त्यापलीकडे दोन पटलांमधल्या पोकळीत जेमतेम अकरा अमिनो आम्ले उरतात, आणि बाकी सारे प्रथिन केंद्रकाच्या आत तोंड करून असते. आरंभीचा सुमारे चाळीस अमिनो आम्लांचा भाग डीएनएला बिलगणाऱ्या बाफ नावाच्या छोट्या प्रथिनाला धरतो. पटलाच्या आतल्या बाजूला लॅमिन प्रथिनांचे जाळे असते, त्यालाही एमेरिन जोडलेले असते. प्रतिपिंड यातल्या नेमक्या कोणत्या तुकड्याला ओळखते, यावर पुढच्या बऱ्याच गोष्टी ठरतात.

वलय दिसले, पुढे?

केंद्रकपटलाच्या आतल्या आणि बाहेरच्या पदरांत ३० ते ५० नॅनोमीटरचे अंतर असते. साध्या प्रकाशसूक्ष्मदर्शकाला साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा जवळच्या दोन गोष्टी वेगळ्या दिसत नाहीत. त्यामुळे प्रथिन आतल्या पदरात असो, बाहेरच्या असो की मधल्या पोकळीत, चित्र एकच येते. त्यात बाहेरचा पदर आंतर्द्रव्यजालिकेला, म्हणजे पेशीद्रवात पसरलेल्या पटलांच्या जाळ्याला, सलग जोडलेला. जालिका केंद्रकाला खेटूनच दाट असते, म्हणून जालिकेतल्या एखाद्या भलत्या प्रथिनाला चिकटणारे प्रतिपिंडही केंद्रकाभोवती वलयासारखे काहीतरी दाखवते. कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाने पातळ प्रकाशी छेद घेतल्यावर यातला काही गोंधळ निवळतो, सगळा नाही.

आत-बाहेर ठरवण्याची जुनी आणि स्वस्त युक्ती डिजिटोनिनची आहे. हा पदार्थ कोलेस्टेरॉलला धरतो. पेशीच्या बाह्यपटलात कोलेस्टेरॉल भरपूर आणि केंद्रकपटलात फार कमी असल्याने मोजून दिलेले डिजिटोनिन पेशीला भोके पाडते, पण केंद्रकाचे आवरण शाबूत ठेवते. प्रतिपिंड एवढे मोठे असते की ते केंद्रकरंध्रांतून स्वतःहून आत शिरू शकत नाही. त्यामुळे डिजिटोनिनने उघडलेल्या पेशीत आतल्या पदरावरचे एमेरिन अंधारात राहायला हवे, आणि ट्रायटन एक्स-१०० या डिटर्जंटने सारी पटले उघडल्यावर उजळायला हवे. त्याच काचेवर लॅमिनचे प्रतिपिंडही लावतात. डिजिटोनिनच्या पेशीत लॅमिन दिसले तर केंद्रक फुटले आहे, तो प्रयोग फेकून द्यायचा. डिजिटोनिनची मात्रा पेशींच्या प्रकारागणिक आणि बाटलीगणिकही बदलते, त्यामुळे ही तपासणी एकदा करून भागत नाही.

एमेरिनचा काही अंश बाहेरच्या पदरावर आणि जालिकेतही असतो. म्हणून डिजिटोनिनच्या पेशीत फिकट रंग दिसला की लगेच प्रतिपिंडाला दोष देता येत नाही.

हृदयातील वाद

१९९७ मध्ये एक दावा पुढे आला. हृदयस्नायूत एमेरिन केंद्रकाबरोबरच इंटरकॅलेटेड डिस्कमध्येही, म्हणजे एका हृदयपेशीला दुसरीशी जोडणाऱ्या सांध्यातही असते. दावा मोहक होता. एमेरी-ड्रायफस रुग्णांचे हृदय का बिघडते याचे उत्तर त्यात आयते मिळत होते : सांध्यातले प्रथिन नाही, म्हणून विद्युतवहन अडते.

१९९९ मध्ये ब्रिटनमधील गटाने याची फेरतपासणी केली. त्यांच्याकडे एमेरिनवर वेगवेगळ्या सहा ठिकाणी चिकटणारी १६ मोनोक्लोनल (एकाच पेशीच्या वंशातून मिळणारी, एकसारखी) प्रतिपिंडे होती. कोणते प्रतिपिंड नेमके कुठे चिकटते हे त्यांनी फाज या जिवाणूंच्या विषाणूंवर मांडलेल्या पेप्टाइडांच्या, म्हणजे प्रथिनांच्या छोट्या तुकड्यांच्या, साठ्यातून आधीच शोधून ठेवले होते. माणसाच्या आणि सशाच्या हृदयात या प्रतिपिंडांनी केंद्रके ठळक उजळली, डिस्क मात्र उजळली नाही. सशात बनवलेला, अनेक प्रतिपिंडांचे मिश्रण असलेला रक्तद्रव लावला तेव्हा केंद्रक आणि डिस्क दोन्ही दिसली. मग त्यांनी वेस्टर्न ब्लॉटवरची (जेलमध्ये वजनानुसार वेगळी केलेली प्रथिने पातळ पडद्यावर उतरवण्याची पद्धत) शुद्ध एमेरिनची पट्टी कापून घेतली, तो रक्तद्रव तिच्यावर टाकला, चिकटलेली तेवढीच प्रतिपिंडे सोडवून घेतली आणि तीच पुन्हा हृदयावर लावली. आता फक्त केंद्रक उजळले. डिस्कवर बसणारे प्रतिपिंड त्या रक्तद्रवात होते, पण ते एमेरिनचे नव्हते.

पडताळणी म्हणजे काय हे कुणाला एकाच उदाहरणाने समजवायचे असेल तर प्रस्तुत लेखक हेच सांगेल. इथे युक्ती अवघड नव्हती, साधने घरचीच होती. गरज होती ती एकाच प्रथिनाकडे अनेक बाजूंनी बघण्याची. तरीही वाद तिथे मिटला असे नाही. २०१० मध्ये दुसऱ्या एका ब्रिटिश गटाने हृदयात बीटा-कॅटेनिन या पेशीसांध्यातल्या प्रथिनासोबत एमेरिनचे संकुल सापडल्याचे सांगून सांध्याचा प्रश्न पुन्हा उघडला.

या प्रकरणातून आणखी एका जुन्या सवयीकडे बघता येते. प्रतिपिंड ज्या पेप्टाइडविरुद्ध बनवले तेच पेप्टाइड आधी प्रतिपिंडात मिसळायचे, आणि रंग नाहीसा झाला की प्रतिपिंड खरे मानायचे. हा पुरावा लंगडा आहे. भलत्या प्रथिनाला चिकटणारा हातही तोच असेल, तर पेप्टाइडने तो भरला की खरा-खोटा दोन्ही रंग एकदम जातात.

अभावाची कसोटी

ज्या पेशीत प्रथिनच नाही तिथे प्रतिपिंडाने गप्प राहिले पाहिजे. सर्वांत कडक कसोटी हीच, आणि एमेरिनच्या बाबतीत ती निसर्गानेच तयार ठेवली आहे. एक्स गुणसूत्रावरील उत्परिवर्तन असलेल्या बहुतेक पुरुष रुग्णांत एमेरिन अजिबात नसते. स्नायू, त्वचा, रक्तातील पांढऱ्या पेशी, गालाच्या आतून खरवडलेल्या पेशी, कुठेच नाही. वाहक स्त्रियांचे चित्र त्याहून बोलके असते. प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स गुणसूत्र बंद असल्याने त्वचेच्या एकाच छेदात उजळ आणि काळी केंद्रके शेजारीशेजारी दिसतात. तोच रंग, तोच वेळ, तेच सूक्ष्मदर्शक असल्याने तुलनेत चुकीला जागा उरत नाही.

प्रयोगशाळेत हेच काम क्रिस्परने, म्हणजे जनुक नेमक्या जागी कापण्याच्या तंत्राने, करतात. पुरुषापासून घेऊन प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशींत (सेल लाइन) एमेरिनच्या जनुकाची एकच प्रत असल्याने ती बंद करणे तुलनेने सोपे, आणि एमेरिनवाचून पेशी जगतात. एमेरिन नसलेले उंदीरही जवळपास निरोगी असतात. मात्र जनुक कुठे कापले ते पाहावे लागते. काप शेपटाकडे असेल आणि प्रतिपिंड आरंभीच्या तुकड्याला ओळखत असेल, तर उरलेला आखूड तुकडा दिसू शकतो आणि चांगले प्रतिपिंड उगाच बदनाम होते.

आरएनए अडवून प्रथिन कमी करण्याची पद्धत केंद्रकपटलाच्या बाबतीत जपून वापरावी लागते. इथली काही प्रथिने फार दीर्घायुषी असतात. नवे बनणे थांबले तरी जुने दिवसेंदिवस टिकते, आणि तीन दिवसांनी रंग निम्माच कमी झाला तर दोष प्रतिपिंडाचा की प्रथिनाच्या आयुष्याचा हे सांगता येत नाही.

उलट बाजूने, प्रथिनाला हिरवे चमकणारे शेपूट जोडून ते पेशीत बनवायचे आणि प्रतिपिंडाचा रंग त्याच्याशी जुळतो का ते पाहायचे, हीही पद्धत आहे. त्यात प्रमाणाचा घोटाळा होतो. आतल्या पदरात एमेरिनला धरून ठेवणाऱ्या जागा मोजक्या असतात. प्रथिन अती बनले की ते जालिकेत सांडते आणि केंद्रकपटलाचे प्रथिन जालिकेचे वाटू लागते.

२०१६ मध्ये प्रतिपिंड पडताळणीच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाने अशा पुराव्यांचे पाच आधार मांडले : जनुक बंद करणे, प्रतिपिंडाविना केलेल्या मोजमापाशी तुलना, दुसऱ्या तुकड्याला ओळखणारे स्वतंत्र प्रतिपिंड, शेपूट जोडलेले प्रथिन, आणि प्रतिपिंडाने ओढून काढलेल्या प्रथिनाची वस्तुमान वर्णपटाने (मास स्पेक्ट्रोमेट्री) ओळख. ही गरज किती खरी होती हे २०२३ मध्ये दिसले. कॅनडातील एका मुक्त विज्ञान प्रकल्पाने ६५ प्रथिनांविरुद्धची ६१४ बाजारी प्रतिपिंडे जनुक बंद केलेल्या पेशींवर तपासली. आपले प्रथिन ओळखू न शकलेली प्रतिपिंडे दर प्रथिनामागे सरासरी सुमारे १२ शोधनिबंधांत वापरली गेली होती.

प्रतिपिंड खरे, उत्तर खोटे

एमेरिन हजर असूनही खरे प्रतिपिंड त्याला पाहू शकत नाही, असेही घडते. बाफ, लॅमिन किंवा डीएनए प्रथिनाला बिलगलेले असले की नेमका ओळखीचा तुकडा झाकला जातो. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले की, अनेक ऊतींच्या केंद्रकांत एमेरिन आणि लॅमिन बी१ नसल्यासारखे वाटते ते या झाकोळामुळे. दुसऱ्या तुकड्याचे प्रतिपिंड लावले की प्रथिन दिसते. म्हणून एकाच प्रतिपिंडाच्या भरवशावर ‘या ऊतीत एमेरिन नाही’ असे लिहिणे धोक्याचे.

पेशी स्थिर करण्याची रीतही इथे चित्र बदलते. पॅराफॉर्माल्डिहाइड प्रथिनांना जागच्या जागी बांधते, पण काही तुकडे त्यात दडतात. थंड मिथेनॉल मेद धुऊन काढते आणि प्रथिनांची घडी मोडते. एकात चालणारे प्रतिपिंड दुसऱ्यात मुके होणे नेहमीचे आहे. त्यामुळे दोन्ही करून बघणे ही काही हौस नव्हे.

वलय नाहीसे होण्याची जैविक कारणेही असतात. लॅमिन ए नसलेल्या पेशीत एमेरिनचा आधार सुटतो आणि ते जालिकेत वाहून जाते. पेशीविभाजनाच्या वेळी केंद्रकपटल मोडते तेव्हाही ते जालिकेत पसरते आणि नवी केंद्रके बनताना बाफसोबत तर्कुजवळच्या (गुणसूत्रे ओढणाऱ्या तंतूंच्या रचनेजवळच्या) भागात आधी गोळा होते. अनुभवी लोक काचेवर अशा विभाजित पेशी मुद्दाम शोधतात. प्रतिपिंडाचा रंग हा नाच जसाच्या तसा करत असेल तर तो एमेरिनच्याच मागे आहे याला बळ मिळते.

वेस्टर्न ब्लॉट

एमेरिनची पट्टी साधारण ३४ किलोडाल्टनवर (प्रथिनाच्या वजनाचे एकक) येते. अमिनो आम्लांच्या हिशेबाने वजन २९ येते, त्यामुळे नवखे माणूस गोंधळते. पटलातील प्रथिनांत अशी तफावत सर्रास असते. लॅमिन बी रिसेप्टरचे हिशेबी वजन ७० च्या आसपास, पण जेलवर ते ५८ जवळ धावते आणि म्हणून त्याचे जुने नाव पी५८ होते. हे प्रथिन पटलात आठ वेळा शिवलेले असते. अशा प्रथिनांचा नमुना उकळला की ते एकमेकांत गुंतून जेलच्या वरच्या टोकाशी अडकतात आणि पट्टी गायब होते. तिथे उकळण्याऐवजी कोमट तापमानावर ठेवतात. एमेरिन एकदाच शिवलेले असल्याने त्याला उकळी सोसते.

ब्लॉटवर एकच सुबक पट्टी आली म्हणून तेच प्रतिपिंड ऊतीच्या छेदावरही चालेल असे नसते. ब्लॉटवर प्रथिन उलगडलेले असते, छेदात ते घडी घालून, शेजाऱ्यांना बिलगून बसलेले असते. दोन्हींची परीक्षा वेगवेगळी द्यावी लागते. शोधनिबंधात प्रतिपिंडाचा क्लोन (ज्या पेशीवंशातून ते आले तो), लॉट (उत्पादनाची खेप) क्रमांक, मात्रा आणि आरआरआयडी हा ओळख क्रमांक लिहिण्याची पद्धत याचसाठी पडली. सशाच्या रक्तद्रवाचा ससा बदलला की लॉट म्हणजे नवे प्रतिपिंडच. हायब्रिडोमापासून (प्रतिपिंड बनवणारी पेशी कर्कपेशीशी जोडून तयार केलेल्या पेशीवंशापासून) मिळणारे मोनोक्लोनल त्या मानाने स्थिर असते, तरी हायब्रिडोमाही कालांतराने बिघडू शकतो.

निदानातील मर्यादा

पडताळलेले एमेरिन प्रतिपिंड रुग्णालयातही वापरतात. स्नायूचा तुकडा न कापता त्वचेच्या लहान नमुन्यावर किंवा गालाच्या पेशींवर काम भागते. मात्र काही उत्परिवर्तनांत एमेरिन जवळपास नेहमीइतके बनते. ५४व्या जागी सेरीनऐवजी फेनिलअॅलानिन किंवा १८३व्या जागी प्रोलीनऐवजी हिस्टिडीन येते, तेव्हा वलय हजर आणि आजारही हजर असतो. याखेरीज त्याच लक्षणांचा एक प्रकार लॅमिन ए आणि सी बनवणाऱ्या एलएमएनए जनुकातल्या दोषाने होतो, हे १९९९ मध्ये कळले. त्यात एमेरिनला काहीच झालेले नसते. अशा रुग्णाचे वलय व्यवस्थित दिसले तरी दोन्ही जनुकांचा क्रम वाचावाच लागतो.