दमा म्हणजे नेमका कुठला दमा? फॉर्ममधल्या प्रश्नांची जुनी गोष्ट

कोल्हापुरात श्वासाच्या सगळ्या दुखण्यांना मिळून नाव एकच, दमा. पावसाळा लागला की छातीत सुंई सुंई वाजणाऱ्या पोराला बाळदमा, चाळीस वर्षं बिडी ओढून आता जिना चढताना धापा टाकणाऱ्या आण्णांना दमा, कधीकाळी टीबी होऊन बऱ्या झालेल्या मावशींना पण दमा आणि शिरोलीच्या फौंड्रीत वाळूत आयुष्य गेलेल्या माणसाला पण दमाच. मी एका छातीच्या डॉक्टरांच्या केबिनबाहेर टेबल टाकून बसतो, पेशंट आत जायच्या आधी त्यांच्याकडनं प्रश्नांचा फॉर्म भरून घेणं हे माझं काम, आणि रोज एकजण तरी वैतागतोच की दमा हाय म्हणून सांगितलं नव्हं, मग एवढ्या चौकश्या कशाला. तर या चौकश्या आल्या कुठनं ते एकदा लिहून ठेवतोय.

आधी एक गोष्ट. खऱ्या दम्यात, म्हणजे अस्थमात, श्वासनळ्या आवळतात आणि परत मोकळ्या होतात, आज त्रास तर उद्या माणूस ठणठणीत. सीओपीडीत, म्हणजे बहुतेक धुराधुळीनं होणाऱ्या फुफ्फुसाच्या जुनाट आजारात, त्या अरुंद होतात त्या होतातच, पंप मारून थोडं बरं वाटतं पण पूर्ववत होत नाही. वरनं दोन्हीत खोकला, बेडका, धाप सगळं सारखंच. औषधं मात्र वेगळी, अस्थमात पंपातनं स्टेरॉइड, म्हणजे नळ्यांची सूज उतरवणारं औषध, हा पाया असतो आणि ते सोडून नुसतं नळ्या उघडणारं लांब पल्ल्याचं औषध दिलं तर जिवावर बेततं, सीओपीडीत उलटं, तिथं नळ्या उघडणारं औषध हा पाया आणि स्टेरॉइड सरसकट दिलं तर न्यूमोनियाचा धोका वाढतो. म्हणून ही निवड लागते.

लक्षणं विचारून निवड करायचा प्रकार साहेबानं आणला असं वाटत असेल तर चरकसंहिता बघा. तिथं श्वासाचे पाच प्रकार आहेत, महा, ऊर्ध्व, छिन्न, तमक आणि क्षुद्र. तमकश्वासाचं वर्णन वाचलं की वाटतं समोर बसलेल्या पेशंटचंच लिहिलंय, आडवं झालं की त्रास वाढतो, उठून बसलं की बरं वाटतं, कफ सुटला की घटकाभर आराम पडतो, ढग आले, पाऊस आला, गार वारं सुटलं, पूर्वेकडनं वारा आला की जोर करतो. आणि क्षुद्रश्वास म्हणजे कष्टानं लागणारा दम, बसलं की जातो. म्हणजे कधी वाढतं, कशानं कमी होतं, रात्री काय होतं हे विचारायचं डोकं आपल्याकडं जुनंच.

युरोपात नंतर यंत्रं आली. फ्रान्सच्या डॉक्टर लेनेकनं १८१६ साली स्टेथोस्कोप केला आणि १८१९ च्या ग्रंथात फुगलेल्या फुफ्फुसाचं, म्हणजे एम्फायसेमाचं नीट वर्णन केलं. १८४६ मध्ये लंडनच्या जॉन हचिन्सननं फुंकायचं मशीन काढलं, स्पायरोमीटर. पण एका सेकंदात किती हवा बाहेर पडते हे मोजायची कल्पना फ्रान्सच्या टिफनोची, ती थेट १९४७ ची. मधली शंभर वर्षं मशीन होतं पण नेमकं काय मोजायचं ते सापडत नव्हतं, हे मला कायम गमतीचं वाटतं.

आमच्या फॉर्मचा खरा आजा मात्र वेल्सच्या कोळशाच्या खाणीतला. दुसऱ्या महायुद्धानंतर कार्डिफजवळ खाणकामगारांच्या छातीचा अभ्यास करायला एक संशोधन केंद्र उघडलं आणि चार्ल्स फ्लेचर त्याचे पहिले प्रमुख. त्यांना अडचण अशी आली की एक्स-रेमधली धूळ आणि माणसाला लागणारा दम यांचा मेळ बसेना, म्हणून त्यांनी दमाच्याच पायऱ्या पाडल्या. सपाटीवर बरोबरीच्या माणसांइतकं चालता येतं का, थांबावं लागतं का, कपडे घालताना पण धाप लागते का. तीच पाच पायऱ्यांची पट्टी थोड्या फेरफारानं आजपण आमच्या फॉर्मवर आहे.

मग डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस कोळशाच्या धुराचं विषारी धुकं बसलं, तेव्हाच्या हिशेबानं साधारण ४,००० जादा माणसं गेली, नंतरच्या अभ्यासांनी तो आकडा १२,००० पर्यंत नेला. त्यानंतर ब्रॉंकायटिस, म्हणजे श्वासनळ्यांची सूज, हा तिथं सरकारी पातळीवरचा विषय झाला. पण मोजणार कसं, प्रत्येक डॉक्टर वेगळं विचारणार आणि वेगळं लिहिणार. १९५८ मध्ये लंडनला तज्ज्ञ जमले आणि जुनाट ब्रॉंकायटिस, एम्फायसेमा, दमा यांच्या व्याख्या घातल्या, आणि १९६० मध्ये ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलची छापील प्रश्नावली आली. त्यातला पहिला प्रश्न, हिवाळ्यात सकाळी उठल्या उठल्या खोकला येतो का? पुढं वर्षातनं तीन महिने बेडका पडतो का, म्हणजे दोन वर्षं सलग असं झालं की जुनाट ब्रॉंकायटिस. विचारणाऱ्याला सक्त ताकीद, छापलंय तसंच वाचायचं, आपल्या मनाचं काही घालायचं नाही, आणि पेशंट घुटमळला तर उत्तर "नाही" असंच धरायचं. हा नियम मला पहिल्या दिवशी सांगितला तेव्हा फार रुक्ष वाटलेला. पण आपण नुसतं "लागत असंल की थोडा दम?" असं विचारलं की समोरचा मान डोलवतोच, हे महिनाभरात कळलं.

याचा एक मोठा फायदा असा झाला की भांडणं मिटायला लागली. एकाच दुखण्याला ब्रिटनमध्ये ब्रॉंकायटिस म्हणायचे आणि अमेरिकेत एम्फायसेमा. १९६४ मध्ये लंडन आणि शिकागोचे पेशंट एकाच पद्धतीनं तपासले तर बरेचसे सारखेच निघाले, फरक होता तो जास्त करून नावाचा. उलट नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन गावच्या डॉ. ओरी यांनी १९६१ मध्ये म्हटलेलं की दमा आणि ब्रॉंकायटिस या एकाच झाडाच्या फांद्या, मूळ प्रकृती एकच, बाकी वय आणि धूर ठरवतात. हा वाद अजून पुरता संपलेला नाही.

एक प्रश्न आपल्या भागाच्या जास्त जवळचा आहे म्हणून त्यावर जरा थांबतो. १९५० च्या दशकात लँकेशायरच्या कापूसगिरण्यांत रिचर्ड शिलिंग कामगारांना विचारायचे, छाती कुठल्या दिवशी आवळते? सोमवारी असं उत्तर आलं की समजायचं कापसाच्या धुळीचा आजार, बिसिनोसिस. रविवारची सुट्टी झाली की पहिल्याच दिवशी छाती धरते, पुढं आठवडाभर कमी होत जाते, आणि आजार वाढला की मग सगळेच दिवस सोमवार होतात. एक्स-रेत दिसत नाही, रक्तात दिसत नाही, दिसतं ते एका प्रश्नातनं. आमच्याकडं इचलकरंजी, हातकणंगले भागातनं सूतगिरणीत पिंजणखात्यात काम केलेली माणसं येतात, त्यांना मी सोमवार म्हणत नाही, सुट्टीवरनं परत गेल्यावर पहिल्या पाळीला कसं वाटतं असं विचारतो. एक मामा म्हणाले, "ते व्हय? ते तर समद्यांनाच हुतंय." त्यांच्या लेखी तो आजारच नव्हता.

भारतात एक गोष्ट लवकर कळलेली ती अशी की धूर म्हणजे फक्त बिडी नाही. १९५९ मध्ये दिल्लीत डॉ. पद्मावती आणि पाठक यांनी फुफ्फुसामुळं हृदय थकलेल्या पेशंटवर लिहिलं, त्यात तंबाखू न ओढणाऱ्या बायका भरपूर होत्या आणि संशय चुलीच्या धुरावर गेला. तरी प्रश्नावल्या पुढं कितीतरी वर्षं "सिगारेट ओढता का" इथंच अडून राहिल्या. पुण्याच्या डॉ. संदीप साळवींनी २००९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात न ओढणाऱ्यांच्या सीओपीडीवर लिहिलं तेव्हा कुठं जगभर याची चर्चा वाढली. २०१२ मध्ये देशातल्या १२ केंद्रांवरचा मोठा सर्व्हे छापून आला, दीड लाखावर माणसं, आणि सगळा भरवसा प्रश्नांवर. १५ वर्षांवरच्यांत दमा २.०५ टक्के आणि ३५ च्या वरच्यांत जुनाट ब्रॉंकायटिस ३.४९ टक्के निघाला.

दमा का सीओपीडी हे थेट प्रश्नांवरनं ओळखायचा फॉर्म तसा अलीकडचा, २००६ चा. ॲबर्डीन आणि डेन्व्हरच्या पेशंटवरनं नऊ प्रश्न काढले, वय, किती ओढलं, बेडका किती, सर्दी छातीत उतरते का, श्वासासाठी ॲडमिट झालाय का असे. २०१४ मध्ये दोन्ही आजारांच्या जागतिक समित्यांनी मिळून तक्ता काढला, एका बाजूला दम्याच्या खुणा, दुसऱ्या बाजूला सीओपीडीच्या, आणि दोन्हीकडं सारखेच टिकमार्क पडले तर त्याला ओव्हरलॅप म्हणून तिसरं नाव. २०२० पर्यंत सीओपीडीवाल्यांनी ते नाव सोडून पण दिलं, म्हणाले दोन वेगळे आजार आहेत, एकाच माणसात असू शकतात. फॉर्मनं अंदाज येतो, शिक्कामोर्तब फुंकायच्या मशीनवरच होतं, आणि दोन आठवड्यांच्या वर खोकला असला की आधी टीबीसाठी बेडका तपासायचा हे आपल्याकडं पहिलं.

आणि हे बाहेरचे प्रश्न आपल्या भाषेत आणायचं म्हणाल तर ते काम माझ्या टेबलावर रोज चालतंय. पॅक-इयर म्हणजे रोज वीस सिगारेट वर्षभर, इथं हिशेब बिडीच्या कट्ट्यात सांगतात. हिवाळ्यातला खोकला विचारला तर तेव्हाच ऊसाचा हंगाम, गुऱ्हाळाच्या चुलवाणाचा धूर आणि रानात पेटवलेलं पाचट, मग थंडी म्हणायची का धूर म्हणायचं. राधानगरीकडच्या एक आज्जी आल्या होत्या, ओढत नाही, मिसरी लावते म्हणाल्या, दम्याचा पंप अकरा वर्षं चालू. मी छापलंय तसंच वाचलं, आज्जी, सपाट रस्त्यावर तुमच्या वयाच्या माणसांबरोबर चालताना मागं पडता का? आज्जी हसल्या.

"मी कवा कुणाच्या बरोबरीनं चाललो बाळा? आमी बायका कायम मागनंच."

नियमानं घुटमळलं की "नाही" लिहायचं. मी पेन तसंच धरून बसलो, मग विचारलं, आज्जी, पूर्वी विहिरीवरनं घागर घेऊन चढत होता तो चढ आता रिकाम्या हातानं चढता का. आज्जी म्हणाल्या, दोनदा बसावं लागतं, आणि चूल किती वर्षं फुंकली ते न विचारताच सांगायला लागल्या, पहिलं बाळंतपण, दुसरं बाळंतपण, गॅस कुठल्या साली आला, तो पण संपला की परत चूलच. प्रश्नाच्या पुढं "नाही" लिहिलं आणि घागरीचं सगळं मार्जिनमध्ये पेन्सिलीनं लिहून फॉर्म आत पाठवला. थोड्या वेळानं आतनं आवाज आला, यांना आधी मशीनवर घ्या.