बरणीतलं मीठ आणि अरबी समुद्र

मे महिन्याचा पहिला पंधरवडा सरला की आमच्या बेळगावच्या स्वयंपाकघरात एक खूण दिसायला लागते. एप्रिलभर खडखडीत असलेलं मीठ बरणीच्या कडेला चिकटतं. सांडगे-पापड दुपारच्या उन्हात कडकडीत वाळतात, पण रात्री डब्याचं झाकण नीट लागलं नाही तर सकाळी मऊ पडलेले असतात. घरातली वडीलधारी माणसं मीठ चिमटीत चोळून सांगतात, "आता वळीव लांब नाही."

हा अंदाज शास्त्राला धरून आहे. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या पुढे गेली की शुद्ध मीठसुद्धा हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतं. आगरातल्या खडे मिठात मॅग्नेशियमचे क्षार मिसळलेले असतात, ते त्याच्याही आधी ओलं होतं. पण ही वाफ येते कुठून? मे महिन्यात आमच्या विहिरी तळाला गेलेल्या, मार्कंडेय नदीत जागोजागी नुसती डबकी. एवढी वाफ पुरवू शकेल अशी जवळ एकच जागा आहे. ती आमच्या पश्चिमेला, सह्याद्रीपलीकडे, सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्याही आत आहे. अडीच हजार फुटांवर राहणारे आम्ही स्वतःला घाटमाथ्याची माणसं समजतो. आमचा मे-जून मात्र अरबी समुद्र ठरवतो.

मेमधला अरबी समुद्र म्हणजे चुलीवर ठेवलेलं पातेलं. ऊन थेट डोक्यावर, आकाश मोकळं, वारा मंद. वारा नसला की खालचं थंड पाणी वर येत नाही आणि वरचा थर तापत राहतो. त्यातही लक्षद्वीप ते केरळ या पट्ट्यात एक खास गोष्ट घडते. हिवाळ्यात बंगालच्या उपसागरातलं कमी खारट पाणी प्रवाहाबरोबर श्रीलंकेला वळसा घालून या भागात येतं. कमी खारट पाणी हलकं, म्हणून ते वर झाकणासारखं पसरतं आणि खालच्या जड, खारट पाण्यात सहजी मिसळत नाही. उन्हाची सगळी उष्णता या पातळ थरातच अडकते. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये इथलं पाणी ३० अंशांच्या वर जातं. गोव्यात दोना पावलाला असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी या उष्ण पाण्याचा बराच अभ्यास केला आहे.

चक्रीवादळ जन्मायला समुद्राचं पाणी साधारण २६.५ अंशांहून गरम लागतं. म्हणजे मेमध्ये इंधन हवं त्याहून जास्तच साठलेलं असतं.

त्या इंधनाची ताकद आमच्या शिवाराच्या मापात सांगतो. एक लिटर पाण्याची वाफ करायला जवळजवळ ०.७ युनिट विजेएवढी उष्णता लागते. ती नाहीशी होत नाही, वाफेतच दडून राहते आणि वर गेल्यावर वाफेचं पाणी झालं की बाहेर पडते. एका एकरावर एक इंच वळीव पडला तर ते झालं सुमारे एक लाख लिटर पाणी. म्हणजे त्या एका एकराच्या डोक्यावर, ढगात, सुमारे ७० हजार युनिट उष्णता मोकळी झाली. महिन्याला १०० युनिट जाळणाऱ्या घराला एवढी वीज ५८ वर्षं पुरेल. गारांचा मारा, झाडं उन्मळून टाकणारा वारा यांच्यामागे हीच शक्ती असते. वादळात हा व्यवहार हजारो चौरस किलोमीटरवर, दिवसचे दिवस चालतो.

मे २०२१ मधलं तौक्ते वादळ आमच्याकडे अनेकांना आठवत असेल. लक्षद्वीपजवळ तयार होऊन ते १६ मेच्या सुमारास गोव्याच्या किनाऱ्यासमोरून गेलं आणि १७ तारखेला गुजरातला धडकलं. वादळाचं केंद्र समुद्रात, आणि खानापूरच्या रानात झाडं झोडपून निघत होती. अशा वेळी वीटभट्टीच्या धुराकडे बघावं. आपल्या गोलार्धात वादळाचे वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात. त्यामुळे केंद्र आमच्या नैऋत्येला असताना वारा आग्नेयेकडून येतो, ते पश्चिमेला आलं की दक्षिणेकडून आणि वायव्येला सरकलं की नैऋत्येकडून. धूर कसा वळत गेला ते पाहिलं तर न दिसणारं वादळ किनाऱ्याकिनाऱ्याने वर चाललंय, हे अंगणात उभं राहूनही कळतं.

२०२३ साली उलटं झालं. ६ जूनला बिपरजॉय तयार झालं आणि जवळजवळ १३ दिवस टिकलं. केरळात मान्सून ८ जूनला पोहोचला खरा, पण बाष्प वादळानेच आपल्याकडे खेचून घेतलं आणि पाऊस पुढे सरकेना. १५ जूनला ते कच्छमध्ये जखाऊ बंदराजवळ जमिनीवर चढलं. तोवर आमच्याकडे मिरग कोरडाच चालला होता. २०२५ ला पुन्हा निराळं. मान्सून २४ मेलाच केरळात आला आणि त्याच दिवशी कोकण किनाऱ्यावर कमी दाबाचं तीव्र क्षेत्र जमिनीवर चढलं.

या फरकाची झळ सगळ्यात जास्त बसते ती धूळवाफ पेरणीला. बेळगाव-खानापूर भागातला भातकरी मेच्या अखेरीला, रोहिणीच्या सुमारास, कोरड्या भुसभुशीत मातीत बी टाकतो आणि पावसाची वाट बघतो. आधीच धो धो पाऊस झाला तर शिवारात धूळच उरत नाही, पेरणार कशी? आणि एखाद्या वळिवाने बी उगवून आलं आणि मग पंधरा दिवस उघडीप पडली, तर कोंब जागच्या जागी करपतात. म्हणून समोरचा पाऊस कोणता हे ओळखणं फार मोलाचं आहे. वळीव दुपारनंतर येतो. आधी थंड वाऱ्याचा झोत आणि धुळीचा लोट, मग विजा, तास-दीड तासात खेळ खलास. मान्सूनचा वारा मात्र पश्चिमेकडून येतो तो रात्रंदिवस एकसारखा वाहतो. ढग खालून पळतात आणि गडगडाट कमी होतो. हवामान खातंही नुसता पाऊस मोजून मान्सून जाहीर करत नाही. १० मेनंतर मिनिकॉय ते मंगळूरपर्यंतच्या १४ ठरावीक केंद्रांपैकी ६० टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस किमान २.५ मिलिमीटर पाऊस लागतो. शिवाय पश्चिमेचे वारे पुरेशा उंचीपर्यंत आणि पुरेशा वेगाने वाहत असावे लागतात. वाऱ्याची अट आमच्या शेतकऱ्याचीही तीच असते.

हा वारा येतो फार लांबून. मादागास्करच्या पलीकडे, दक्षिण हिंदी महासागरात हवेचा दाब वाढतो. तिथून निघालेला वारा विषुववृत्त ओलांडतो, पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळतो, सोमालियाच्या किनाऱ्यालगत जोर धरतो आणि अरबी समुद्र पार करून आमच्या चोर्ला घाटाच्या कड्यांवर आदळतो. एकदा तो सुरू झाला की समुद्र घुसळला जातो आणि मेमध्ये तापलेलं पाणी निवतं. वर बारा-पंधरा किलोमीटरवर नेमका पूर्वेकडून जोराचा वारा असतो. खाली पश्चिमेचा, वर पूर्वेचा, अशा ओढाताणीत वादळाचा उभा खांब टिकत नाही. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये अरबी समुद्रात चक्रीवादळं जवळजवळ होतच नाहीत.

मेच्या सुट्टीत मुलाबाळांना घेऊन मालवण-गोव्याला जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट कळकळीने सांगतो. दक्षिणेच्या महासागरात, हजारो किलोमीटरवर, वादळं होऊन उठलेल्या लांब लाटा काही दिवसांनी आपल्या किनाऱ्याला लागतात. इथे ना वारा असतो ना ढग, आणि तरी लाट अचानक वर चढते. केरळात याला कल्लक्कडल म्हणतात, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र. हैदराबादची समुद्र माहिती सेवा संस्था त्याचा इशारा देते. आकाश निळं दिसलं तरी तो इशारा बघूनच पाण्यात उतरा. १ जूनला मच्छीमारीबंदी लागते ती ३१ जुलैपर्यंत. ती माशांच्या विणीसाठी आहे, तशीच खवळलेल्या समुद्रासाठीही. म्हणून तर मे अखेरीला आमच्या बाजारात सुक्या बांगड्यांची आणि सुकटीची घाई उडते.

आता चोर्ला घाटाजवळच्या कणकुंबी गावाला चला. समुद्रावरून आलेला ढग इथे मोकळा होतो. या भागातल्या डोंगरांच्या एका उतारावर पडलेला थेंब म्हादईला मिळतो, जेमतेम ऐंशी किलोमीटर वाहून मांडवी होतो आणि पणजीला पुन्हा अरबी समुद्रात शिरतो. दुसऱ्या उतारावरचा थेंब मलप्रभेत पडतो. तो सौंदत्तीजवळच्या धरणात थांबतो, शेतांना पाजून उरला तर कूडलसंगमला कृष्णेत मिसळतो आणि आंध्र ओलांडून बंगालच्या उपसागरात उतरतो. तिथे तो इतर नद्यांच्या गोड्या पाण्यात मिसळून समुद्राचा खारटपणा थोडा कमी करतो. मग हिवाळ्यात तेच कमी खारट पाणी श्रीलंकेला वळसा घालून लक्षद्वीपकडे निघतं, पुढच्या मेमध्ये अरबी समुद्रावर झाकणासारखं पसरायला.