एका रचनेची तीन नावे : प्रोकोफिएव यांचे चेलोसाठीचे ओपस १२५

रशियन संगीतकार प्रोकोफिएव यांचा चेलो या व्हायोलिनच्या कुळातील मोठ्या तंतुवाद्यासाठीचा पहिला कॉन्चेर्टो, म्हणजे एकलवादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना, (ओपस म्हणजे रचनाक्रमांक ५८) १९३३ मध्ये सुरू झाला आणि १९३८ मध्ये पूर्ण झाला. त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला मॉस्कोत झालेले त्याचे पहिले सादरीकरण फसले. पुढे १९४७ मध्ये रोस्त्रोपोविच या विशीतल्या चेलोवादकाने ही रचना मॉस्कोतच पियानोच्या साथीने वाजवली. ती ऐकल्यावर प्रोकोफिएव यांनी ती नव्याने लिहिण्याचा शब्द दिला.

तो शब्द पाळायला काही वर्षे लागली, कारण फेब्रुवारी १९४८ च्या सरकारी ठरावात ‘रूपवादी’ (लोकांपासून तुटलेले, केवळ रचनातंत्रात रमणारे) ठरवलेल्या संगीतकारांमध्ये त्यांचेही नाव होते. १९४५ मधील अपघातापासून प्रकृती ढासळलेली होती आणि डॉक्टरांनी कामाच्या वेळेवर बंधन घातले होते. अशा दिवसांत मॉस्कोजवळच्या निकोलिना गोरा येथील घरी या तरुण वादकाशी चर्चा करत जे लेखन झाले, म्हणजेच ओपस १२५, त्याला नुसती डागडुजी म्हणणे अन्यायाचे आहे. १८ फेब्रुवारी १९५२ रोजी मॉस्कोत तरुण वादकांच्या वाद्यवृंदाने ते सादर केले. संचालनाला उभा राहिला रिक्टर हा नामवंत पियानोवादक, आयुष्यात त्या एकाच वेळी.

नावाचा गुंता येथून सुरू होतो. त्या दिवशी ही रचना ‘दुसरा कॉन्चेर्टो’ म्हणून वाजली. मात्र तिच्यातील बरीचशी स्वरवाक्ये पहिल्या कॉन्चेर्टोतलीच असल्याने ‘दुसरा’ हा शब्द अपुरा पडत होता, आणि बांधणी इतकी बदललेली होती की तिला ‘सुधारित पहिला’ म्हणणेही चुकीचे ठरले असते. आणखी फेरफार केल्यावर प्रोकोफिएव यांनी क्रमांक सोडून ‘सिंफनी-कॉन्चेर्टो’ हे जोडनाव दिले (सिंफनी म्हणजे पूर्ण वाद्यवृंदासाठीची मोठी रचना). पाश्चात्त्य देशांत त्याचे ‘सिन्फोनिया कॉन्चेर्तांते’ झाले, जे माझ्या मते दिशाभूल करणारे आहे. अठराव्या शतकात ही संज्ञा बहुधा दोन किंवा अधिक एकलवादकांच्या रचनांना लावली जाई; मोत्सार्टची व्हायोलिन आणि व्हिओला यांच्यासाठीची १७७९ ची रचना त्याच प्रकारची आहे. येथे एकलवादक एकच आहे आणि ‘सिंफनी’ हा शब्द वाद्यवृंदाच्या वजनासाठी आला आहे. सुमारे चाळीस मिनिटांच्या या रचनेचा मुख्य भार पहिल्या भागावर न टाकता मधल्या, सर्वांत लांब भागावर टाकलेला आहे, आणि तेथे वाद्यवृंद साथीपुरता उरत नाही. मूळ जोडनावच या बांधणीला शोभते.

५ मार्च १९५३ रोजी, स्टालिनच्याच मृत्युदिनी, प्रोकोफिएव यांचे निधन झाले. अंतिम स्वरूपातील रचना ९ डिसेंबर १९५४ रोजी कोपनहेगनमध्ये त्याच चेलोवादकाने प्रथम वाजवली. सोव्हिएत संगीतकार शोस्ताकोविच यांना चेलोसाठी कॉन्चेर्टो लिहिण्याची ओढ याच रचनेमुळे लागली. त्यांचा पहिला चेलो कॉन्चेर्टो ऑक्टोबर १९५९ मध्ये लेनिनग्राडला सादर झाला, तेव्हाही एकलवादक तोच होता.