घरच्या घरी बग्गी बांधणाऱ्यांसाठी: इंजिन घ्यायच्या आधी हे वाचा

बग्गी म्हटलं की अजूनही कुणीतरी वरातीची घोड्याची बग्गी समजून आमच्याकडे भाडं विचारायला येतं. हे पत्रक त्या बग्गीचं नाही. पाइपचा उघडा सांगाडा, चार चाकं, पाठीमागे इंजिन आणि दारं-काचांचा पत्ता नाही, अशी जी गाडी मुलं मोबाइलवर बघतात आणि "आपण खळ्यात बांधू" म्हणतात, तिच्यासाठी आहे. गाडी तुम्ही बांधायची. आम्ही पाइप वाकवून, कापून, जोडून देतो आणि तुम्ही विचारलंत तर चार गोष्टी सांगतो. त्यातल्याच काही इथे छापल्या आहेत, म्हणजे फोनवर तेच तेच सांगावं लागणार नाही.

बहुतेक जण इंजिन घेऊनच वर्कशॉपच्या दारात येतात. भावोजींची पल्सर पडून आहे, नाहीतर कुणाच्या तरी रिक्षाचं इंजिन स्वस्तात मिळालंय, आता याच्याभोवती गाडी करून द्या. हे घराआधी पंखा घेण्यासारखं आहे. बग्गीची सुरुवात बसणाऱ्या माणसापासून होते, मग चाकं, मग सांगाडा. इंजिन सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा झाला की इंजिन बसतं आणि माणसाचे गुडघे स्टिअरिंगला अडतात.

खळ्यात खडूने काढा

आधी घरातला सगळ्यात उंच माणूस सीटवर बसवा. सीट भंगारात मिळते, पण ती आत्ताच घ्या. पाय पेडलवर ठेवल्यासारखे, हात स्टिअरिंग धरल्यासारखे, डोक्यावर हेल्मेट. आता त्याच्याभोवती जमिनीवर खडूने आराखडा काढा, आणि मग वायरिंगच्या पीव्हीसी पाइपांचा पूर्ण मापाचा सांगाडा बांधा. बांबूही चालतो. हेल्मेट आणि पाइप यांच्यात सगळीकडे किमान १५० मिलिमीटर जागा हवी. हे माप आम्ही मनाने काढलेलं नाही. इंजिनिअरिंगच्या मुलांची 'बाहा' ही बग्गीची स्पर्धा भारतात २००७ पासून होते, तिच्या नियमांत साधारण हेच अंतर आहे. पीव्हीसीच्या सांगाड्यात एकदा चढून-उतरून बघा. आग लागली तर किती वेळात बाहेर येता, तेही तिथेच कळतं.

खळं दिसायला सपाट असतं, पण पावसाचं पाणी जावं म्हणून त्याला उतार ठेवलेला असतो. त्यावर सांगाडा उभा केला तर गाडी जन्मभर एका बाजूला ओढणार. गवंडी वापरतात ती पाण्याची लेव्हलची नळी घ्या आणि चारही टेकू एका पातळीत आणा.

रुंदी-उंचीचं एक सोपं गणित करा. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर भागिले गाडीच्या वजनाच्या मध्याची जमिनीपासूनची उंची, आणि आलेल्या आकड्याचं निम्मं. चाकं १२०० मिलिमीटर अंतरावर आणि वजनाचा मध्य ५०० वर असेल तर उत्तर १.२ येतं. हौसेने गाडी उंच करून मध्य ७०० वर नेला की ते ०.८६ वर उतरतं. कोरड्या कडक जमिनीवर टायरची पकड साधारण या दुसऱ्या आकड्याएवढीच असते, आणि गाडीचं उत्तर त्यापेक्षा बरंच मोठं हवं. म्हणजे पहिली गाडी जोरात वळवली तर घसरेल, दुसरी कोलांटी घेईल. आमच्याकडे उंच बग्गीची मागणी फार येते. आम्ही दरवेळी नाही म्हणतो, मग थोडं भांडण होतं आणि मग गिऱ्हाईक ऐकतं.

पाइप

पाण्याचा जीआय पाइप आणू नका. त्यावर जस्त असतं, वेल्डिंग करताना त्याचा पांढरा धूर नाकात जातो आणि रात्री थंडी वाजून ताप भरतो. मांडवाचा पाइपही नको, तो पातळ असतो. डोक्याभोवतीच्या मुख्य कमानीला सीमलेस (बिनजोडाचा) पाइप, बाहेरून २५ मिलिमीटर, जाडी ३ मिलिमीटर. बाहाचा मूळ नियमही याच मापाचा आहे. आडव्या-तिरक्या जोडण्यांना जरा पातळ चालतो. पण पाइप जाड घेतला म्हणून सांगाडा मजबूत होत नाही. तो त्रिकोणांनी मजबूत होतो. चौकोन दाबला की तिरका होतो, त्रिकोण होत नाही. जिथे मोठा चौकोन दिसेल तिथे एक तिरका पाइप टाका.

वाकवण्याबद्दल मुद्दाम सांगतो, कारण इथे किनाऱ्यावर हे घडतंच. पाइप चेपू नये म्हणून आत वाळू भरून, तापवून वाकवायची जुनी पद्धत आहे. पद्धत बरोबर आहे, पण त्यासाठी कुणी पुळणीवरची, म्हणजे समुद्रकाठची, वाळू भरून आणली तर दोन घात होतात. वाळू ओली असली तर बंद पाइप तापताना आत वाफ कोंडते आणि बूच बंदुकीच्या गोळीसारखं उडतं. आणि वाळूतलं मीठ आत राहिलं की पाइप आतून गंजत जातो, बाहेरचा रंग मात्र दोन वर्षं चकचकीत. आमच्याकडे हायड्रॉलिक बेंडर आहे. बाक तेवढे इथे करून घ्या, बाकी कापाकापी घरी करा.

वेल्डिंग घरी करणार असाल तर आधी सगळीकडे नुसते टाके मारा, मापं पुन्हा तपासा, मग समोरासमोरच्या बाजू आलटून पालटून पूर्ण भरा. एकाच बाजूने सलग वेल्डिंग केलं तर सांगाडा ओढला जातो. जोडाला पाइपचं टोक माशाच्या तोंडासारखं कापलेलं असावं, फट रॉडने भरून काढू नये. पडवीत ओली जमीन असताना आर्क वेल्डिंग अजिबात नको. पावसाळ्यात हे काम करायचंच नाही असं आम्ही म्हणतो, आमचा धंदा तेव्हा मंद असला तरी. डोक्यावरच्या कमानीचे जोड मात्र आमच्याकडेच करा. हे पैशासाठी सांगत नाही. तपासून दिल्याशिवाय तेवढा भाग आम्ही हातातून सोडत नाही.

स्टिअरिंग आणि ब्रेक बनवू नका, घ्या

१९६४ मध्ये कॅलिफोर्नियात ब्रूस मेयर्स नावाच्या माणसाने फायबरची बग्गी केली. हात बोटी बांधण्यात तयार झालेला होता. पुढच्या गाड्यांसाठी त्याने फोक्सवॅगन बीटलचा तळ कापून आखूड केला आणि वर फायबरची बॉडी बसवली. स्टिअरिंग, ब्रेक, सस्पेन्शन बीटलचंच ठेवलं. आपल्याकडे फायबरच्या होड्या दुरुस्त करणारे हात पुष्कळ आहेत, त्यामुळे बॉडीची काळजी नाही. चुकतं ते स्टिअरिंगमध्ये. घरी केलेल्या स्टिअरिंगमध्ये वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळत नाही आणि खड्ड्यात गाडी आपोआप दिशा बदलते. पूर्ण रॅक (स्टिअरिंगची दातेरी पट्टी), हब (ज्यावर चाक बसतं तो भाग), टाय रॉड (रॅकपासून चाकापर्यंतच्या, चाक वळवणाऱ्या कांड्या) एकाच गाडीचे घ्या.

बीटलची जागा आपल्याकडे मारुती ८०० घेते. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, १२ इंची चाकं, आणि इंजिन-गिअरबॉक्स-एक्सल पुढेच एका गठ्ठ्यात. तो गठ्ठा उचलून पाठीमागे बसवायचा, टाय रॉड सांगाड्याला पक्के बांधायचे, की मागची चाकं वळत नाहीत. फक्त गठ्ठा फिरवू नका. एका गिऱ्हाइकाने जागा पुरत नाही म्हणून तो उलटा बसवला होता. पहिल्या चाचणीत गाडीला मागे जायला चार गिअर आणि पुढे जायला एक! गिअरचा रॉडही मुळात मागे येणारा असतो, तो वळवून पुढे न्यावा लागतो. रेडिएटर मागे ठेवलात तर त्याला वारा कुठून मिळणार हे आधी ठरवा.

बाइकचं इंजिन हलकं पडतं, पण त्याला रिव्हर्स नाही, आणि सीटमागे पत्र्याआड ते वाऱ्याशिवाय तापतं. रिक्षाच्या इंजिनला रिव्हर्स आणि डिफरन्शियल (वळताना दोन चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी रचना) दोन्ही मिळतं. बागेत आंब्याच्या पेट्या वाहायला आम्हाला तेच बरं वाटतं.

ब्रेकला दोन भागांचा मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल ढकलणारा पंप) हवा, एक नळी फुटली तरी दोन चाकं थांबली पाहिजेत. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, आणि आपली हवा म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. उघडून ठेवलेली बाटली टाकून द्या. बोल्ट ८.८ ग्रेडचे, नट नायलॉनवाले. पट्टा, इंजिन बंद करायचं बटण हाताशी, आणि आग विझवायचा लहान सिलिंडर. याला पर्याय नाही.

खाऱ्या हवेसाठी पाइपची सगळी टोकं बंद करून घ्या, आधी इपॉक्सी प्रायमर, मग रंग. दर वापरानंतर गोड्या पाण्याने धुवा.

चालवायची कुठे

फक्त स्वतःच्या जागेत. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ३९ नुसार नोंदणीशिवाय सार्वजनिक ठिकाणी गाडी चालवता येत नाही, आणि नोंदणीला मान्यताप्राप्त संस्थेची प्रकार-मंजुरी (त्या नमुन्याची गाडी तपासून दिलेली मंजुरी) लागते. घरची एकच गाडी त्यातून पार होत नाही. "आरटीओत आमची ओळख आहे" हे आम्हाला सांगू नका. भंगारासाठी घेतलेली गाडी कायमची निकामी झाली की मालकाने कलम ५५ प्रमाणे चौदा दिवसांत आरटीओला कळवून आरसी रद्द करून घ्यायची. ते काम आधी, कापणी नंतर.

पुळण स्वतःची जागा नाही. गावखडी, मालगुंडच्या वाळूत हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, वरून काही दिसत नाही. सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावरही सांभाळा. रत्नागिरी-राजापूरच्या कातळावर कोरलेली शिल्पं आहेत, २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. गवताखाली कुठे काय आहे ते तिथल्या जाणत्या माणसाला विचारल्याशिवाय अनोळखी सड्यावर चाक घालू नका.

आमच्याकडे येताना

पीव्हीसीचा सांगाडा टेम्पोत घालून आणा, आणि उंच माणूस सोबत आणा. फोटोवरून आम्ही माप घेत नाही. पाइपचा भाव सतत बदलतो, म्हणून दर इथे छापलेला नाही. आगाऊ रक्कम पाइपपुरती, मजुरी काम झाल्यावर. गणपतीच्या आधीचा आठवडा आणि नंतरचे दहा दिवस वर्कशॉप बंद असतं. मुंबईहून येणाऱ्यांनी तेवढ्या सुट्टीत बग्गी बांधून होईल असं धरू नये. खडूचं चित्र आणि पीव्हीसीचा सांगाडा मात्र त्या दिवसांत खुशाल करून ठेवा, तेव्हा घरात उंच माणसंही जास्त असतात.