जाळीवाला का चकतीवाला? आधी गळ्यावर उलटा हात फिरवून बघा

परवा जिंतूरहून मावसभावाचा फोन. दादा, तू मशीननं दाढी करतो ना, मग सांग जाळीवाला घेऊ का तीन चकत्यांचा, दुकानदार म्हणायलाय दोन्ही एकच, महाग तो चांगला. म्हणलं थांब बाबा, पैसे काढू नको, आधी हे सांग त्यानं तुला ट्रिमर तर नाही ना दाखवला. कारण आपल्याकडं चार्जिंगची कुठलीबी दाढीची वस्तू असली की तिला ट्रिमरच म्हणतात, आणि ट्रिमर कंगवा काढून फिरवला तरी बारीक खुंट ठेवतोच, हाताला खरखर लागणारच. गुळगुळीत करणारा तो शेव्हर. अन् एक ते हिरव्या पट्टीचं वनब्लेड येतं, ते ह्या दोन्हीत नाही, त्याचं वेगळंच खातं आहे, ते आज सोडून द्या.

तर शेव्हरचे दोन प्रकार. फॉईल म्हणजे जाळीवाला, चौकोनी तोंडाचा, वर कागदासारखा पातळ पत्रा, त्याला बारीक बारीक भोकं, आणि खाली पाती आडवी सरकतात, डावीकडं उजवीकडं, मिनिटाला हजारो वेळा. केस भोकातून आत घुसला की खालचं पातं त्याला कापतं, म्हणजे तुमच्या कातडीला पातं लागतच नाही, मधी पत्रा असतो. सलूनमधी फेड मारल्यावर, म्हणजे कडेचे केस खाली खाली बारीक करत नेल्यावर, कानामागं एक छोटा चौकोनी डबा घर्रर्र करत फिरवतात बघा, तो हाच. रोटरी म्हणजे चकतीवाला, त्याला तीन गोल तोंडं, प्रत्येकाला चिरा पाडलेल्या, आणि आत पाती पंख्यासारखी गोल फिरतात. तोंडं तिन्ही आपापली वाकतात, हनुवटीवरून नेलं की चेहऱ्यासोबत हलतात.

दोन्ही जुनेच आहेत. चकतीवाला हॉलंडच्या फिलिप्समधला, अलेक्झांडर होरोविट्झ नावाच्या इंजिनिअरनं काढलेला, १९३९ ला बाजारात आला, तवा त्याला एकच तोंड होतं, तीन तोंडं व्हायला १९६६ उजाडलं. जाळीवाला जर्मनीच्या ब्राऊनचा १९५० चा. हे सांगायचं कारण एवढंच की अजूनबी तीच वाटणी चालू आहे, ब्राऊन न् पॅनासॉनिक बघितलं की बहुतेक जाळी, फिलिप्सचा शेव्हर म्हणलं की बहुतेक चकत्या. म्हणजे आपण कंपनी निवडायलो असं वाटतं आणि तेवढ्यात प्रकार निवडून बसलेलो असतो.

आता खरा प्रश्न, जो दुकानदार विचारतच नाही: दाढी रोज करतो का तीन दिवसाला?

दाढीचा केस दिवसाला पाव ते अर्धा मिलीमीटर वाढतो. एका दिवसाचा केस म्हणजे ताठ उभा खुंट, तो जाळीच्या भोकात सरळ शिरतो, आणि पत्रा इतका पातळ असतो की कापताना अगदी मुळापासून कापतो, त्यामुळं रोज करणाऱ्याला जाळीवाल्यासारखी तुळतुळीत दाढी चकतीवाला सहसा देत नाही. पण तीन दिवस गेले की तोच केस वाकतो, आडवा पडतो, मग भोकाच्या वरूनच घसरून जातो, तुम्ही एकाच जागी दहादा मशीन घासता आणि शेवटी केस तसाच अन् गाल लालभडक. मधी एक ट्रिमरची पट्टी असते ती थोडे उचलून कापते, पण थोडेच. चकतीवाल्याच्या चिरा लांबट असतात, आडवा पडलेला लांब केस त्यात शिरतो. म्हणून ज्यांची दाढी सोमवार गुरुवार अशी वारावर चालते त्यांनी जाळीच्या नादी लागूच नये, माझं तर स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट गळा. हे फोनवर सांगून कळत नाही, करूनच बघावं लागतं. दोन दिवस दाढी ठेवा, मग आरशासमोर मान वर करून गळ्यावर बोट फिरवा, आधी वरून खाली, मग खालून वर, मग आडवं. जिकडं नेल्यावर बोट घसरतं तिकडं केसाची दिशा, जिकडं खरखर लागते ती उलटी. गालावर बहुतेकांचे केस सरळ खाली. पण गळ्यावर, घाट्याच्या दोन्ही बाजूला, काहींचे केस आडवे, काहींचे वरच्या दिशेला, आणि काहींना तर डोक्यावर असतो तसा भोवरा असतो. माझ्या डाव्या बाजूला आहे. जाळीवाला सरळ रेषेत, केसाच्या उलट्या दिशेनं न्यायचा असतो, मग भोवऱ्यावर उलटी दिशा कोणती धरणार? चार बाजूनं चार वेळा न्यावा लागतो. चकतीवाला मुळातच छोटे छोटे गोल काढत फिरवायचा, त्याला दिशेचं काही देणंघेणं नाही.

उलट मिशीच्या कडा, कल्ले, नाकाखालची जागा, इथं चकतीवाला आंधळा. तोंड एवढं मोठं की मिशी ठेवणाऱ्याची अर्धी मिशी कधी जाते कळत नाही. कातडी नाजूक असेल, पुरळ उठत असेल तर जाळीवाला जरा मवाळ पडतो असं माझं पाहणं आहे, फक्त दाबायचा नाही. दाबायचा तर दोन्ही नाही. आपल्याला ब्लेडची सवय, वाटतं जोर दिला की जास्त निघेल, इथं जोर दिला की कातडीच भोकात शिरते.

आमच्या आबांना मी आधी जाळीवालाच दिला होता, पण त्यांच्या हाताला थोडा कंप आहे, आणि जाळीवाला गालावर काटकोनात धरावा लागतो, एका हातानं कातडी ताणून दुसऱ्यानं चालवावा लागतो, ते काही जमेना. चकतीवाला दिला तर निवांत खाटेवर बसून करतात, आरसाबी लागत नाही, आणि आवाजबी कमी, पहाटे कोणाची झोप मोडत नाही.

मी स्वतः ह्या नादाला लागलो ते लातूरला रूमवर असताना, २०१६ च्या उन्हाळ्यात, जवा मिरजेहून रेल्वेनं पाणी आणत होते. बादलीभर पाण्यात दिवस काढायचा, तिथं फेस करून दाढी कोण करणार. कोरड्यानं होते म्हणून घेतला. आणि कोरड्यानं करायची असेल तर एक सांगतो, तोंड धुवायच्या आधी करा, धुतल्यावर कातडी थोडी फुगते न् केस आत दबतो. मे महिन्यात घामानं मशीन गालावर अडखळतं, तवा साधी टाल्कम पावडर हलक्या हातानं लावायची, झर्र सरकतं.

धुण्याचं मात्र आपल्याकडं वेगळं आहे. आपलं बोअरचं पाणी म्हणजे नळाच्या तोटीवर पांढरे थर बसवणारं. त्या पाण्यात मशीन धुवून तसंच ठेवलं की जाळीच्या भोकात क्षार सुकतो, महिनाभरात उजेडाकडं धरून बघितलं तर निम्मी भोकं पांढरी. मी आता धुतल्यावर झटकतो, तोंड उघडून सुकू देतो, आणि आठवड्याला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. जाळीवर ब्रश घासू नका, पत्र्याला लगेच पोचा येतो. आमच्या भाच्यानं एकदा नुसता अंगठा दाबला होता, टाचणीच्या टोकाएवढी चीर पडली, दिसलीबी नाही, दुसऱ्या दिवशी हनुवटीला रक्त आल्यावर कळलं.

चकतीवाल्यात ती भीती कमी, पण तिथं मी वेगळाच शहाणपणा केला. तिन्ही तोंडं एकदम उघडली, आतली पाती न् वरच्या टोप्या सगळ्या एका वाटीत धुतल्या, आणि बसवताना कोणतं पातं कुठल्या टोपीचं काही ध्यानात नाही, बसवली कशीबी. दुसऱ्या दिवसापासून मशीन केस कापायच्या ऐवजी उपटायला लागलं. मग पुस्तिका काढून वाचली तर त्यात सरळ लिहिलेलं, प्रत्येक पातं आपल्या टोपीसोबत घासून जुळलेलं असतं, अदलाबदल झाली तर परत जुळायला काही आठवडे लागतात. एका वेळी एकच तोंड उघडायचं, धुवायचं, बसवायचं.

आणि घ्यायच्या आधी सुटी जाळी किंवा सुटी तोंडं मिळतात का ते बघा. जाळी साधारण दीड वर्षाला, चकत्या दोन वर्षाला बदलायच्या असं कंपन्याच सांगतात. परभणीत मी माझ्या मॉडेलच्या जाळीसाठी चार दुकानं फिरलो, चारही ठिकाणी नवा शेव्हरच दाखवला. पाण्यात चालणारे बरेच मॉडेल वायर लावून चालतच नाहीत, सुरक्षेसाठी तसं केलेलं असतं, तर लाईट जायच्या आधी चार्ज करून ठेवायचं.

एवढं सगळं ऐकून भाऊ म्हणला, दादा, माझा गळा बघून तूच सांग. फोटो पाठवला, घाट्याच्या दोन्ही बाजूला भोवरे, आणि दाढी आठवड्यातून दोनदा. म्हणलं डोळे झाकून चकतीवाला घे. तर म्हणतो आजच घेतो, लग्नापर्यंत तोंड चकाचक.

लग्न होतं बारा दिवसांवर. म्हणलं येड्या, ब्लेडवरून मशीनवर आलं की कातडीला सवय व्हायला तीन चार आठवडे जातात, तोवर पुरळ येतं, लाल होतं, आणि त्याच्यावर हळद लावणार? कशी झोंबती ठाव आहे का? मशीन घेऊन ठेव, डबा उघडू नको. हळदीच्या आदल्या दिवशी गपगुमान आपल्या नेहमीच्या सलूनमधी जाऊन बस.