आमदारकीचा अर्ज: पात्रता, कागदपत्रे आणि निवडून आल्यावरचे विशेषाधिकार

पात्रतेच्या अटी मोजक्याच आहेत. भारताचे नागरिकत्व, विधानसभेसाठी किमान २५ वर्षे वय (विधान परिषदेसाठी ३०) आणि राज्यातल्या कोणत्याही विधानसभा मतदारसंघाच्या यादीत नाव. राखीव जागेसाठी जातीचा दाखलाही लागतो. शिक्षणाची अट नाही. ग्रामपंचायतीला असलेली दोन अपत्यांची अटही आमदारकीला नाही. सरपंचाला जो नियम, तो आमदाराला नाही, हे अनेकांना पटत नाही, पण कायदा तसाच आहे. वय छाननीच्या (अर्ज तपासण्याच्या) दिवशी पूर्ण हवे. उत्तर प्रदेशातल्या सुआर मतदारसंघाची २०१७ ची निवड उमेदवार २५ वर्षांचा नव्हता म्हणून उच्च न्यायालयाने रद्द केली.

लाभाचे पद (आर्थिक फायदा देणारे सरकारी पद), सरकारशी चालू असलेले कंत्राट किंवा दिवाळखोरी आड येते. नुसता गुन्हा दाखल असल्याने कोणी अपात्र ठरत नाही. दोन वर्षे किंवा जास्त शिक्षा झाली, तर मात्र शिक्षेचा काळ आणि सुटकेनंतरची ६ वर्षे दार बंद. काही गुन्ह्यांत नुसता दंडही पुरतो. पूर्वी विद्यमान आमदाराला अपील करून पद टिकवता येई. ती सवलत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये काढून घेतली.

खरी अडचण कागदांत. नामनिर्देशनपत्र (नमुना २ब) सकाळी ११ ते दुपारी ३ या वेळेतच घेतात. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक (नाव सुचवणारा मतदार) पुरतो, अपक्षाला त्याच मतदारसंघातले १० मतदार लागतात. अनामत १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५,०००. नाव दुसऱ्या मतदारसंघात असेल तर यादीच्या त्या भागाची प्रमाणित प्रत जोडा. पक्षाचा एबी फॉर्म (अधिकृत उमेदवारीचे पत्र) शेवटच्या दिवशी दुपारी ३ च्या आत पोचला पाहिजे. खर्चासाठी वेगळे बँक खाते आधीच उघडा.

नमुना २६ चे शपथपत्र घाईत भरू नका. मालमत्ता, कर्ज, खटले यांचा एकही रकाना कोरा नको. काही नसेल तर ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहा. सूचना मिळूनही रकाना कोराच राहिला तर अर्ज बाद होतो. शिवाय अर्ज दिल्यावर छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत संविधानाशी निष्ठेची शपथ घ्यावी लागते. ती हमखास विसरली जाते.

महाराष्ट्रात खर्चमर्यादा ४० लाख आहे. जिंका किंवा हरा, निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यायचाच.

आता विशेषाधिकार. कलम १९४ नुसार सभागृहातल्या भाषणाबद्दल किंवा मताबद्दल न्यायालयात खेचता येत नाही. लाच घेऊन मत दिले तर हे कवच नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये ठरवले. अटकेपासूनचे संरक्षण फक्त दिवाणी प्रकरणांत: बैठक चालू असताना आणि तिच्या आधी-नंतर ४० दिवस. फौजदारी गुन्ह्यात पोलिसांनी अध्यक्षांना कळवायचे असते, परवानगी मागायची नसते. परवानगी लागते ती विधानभवनाच्या आवारात अटक करायची असेल तर.